कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागतोय? आधी घड्याळ लावा, मग हात लावा

बटण दाबल्यापासून प्रत्यक्ष कामाला लागेपर्यंत तीन-चार मिनिटं जात असतील, तर बहुतेक जण दोनपैकी एक काहीतरी करतात. कुठलं तरी 'स्पीड बूस्टर' डाउनलोड करतात, नाहीतर 'आता हा म्हातारा झाला' म्हणून नव्या मशीनच्या शोधाला लागतात. पहिल्या उपायाने स्टार्टअपला आणखी एका प्रोग्रामची भर पडते आणि दुसऱ्याने खिसा हलका होतो. त्यापेक्षा वेळ नेमका कुठे खर्च होतोय ते आधी बघा आणि फक्त तिथेच इलाज करा. खाली दिलेलं मुख्यतः विंडोज १० आणि ११ साठी आहे. मॅक आणि लिनक्सबद्दल दोन शब्द शेवटाकडे.

एक सूचना आधीच. मशीन ऑफिसचं असेल तर यातलं काहीही करण्यापूर्वी तुमच्या आयटी विभागाला विचारा. तिथले काही प्रोग्राम मुद्दाम सुरू ठेवलेले असतात.

पायरी १ : तीन टप्पे, तीन आकडे

कॉम्प्युटर सुरू होतो म्हणजे एकामागून एक तीन वेगळी कामं होतात.

पहिला टप्पा बटण दाबल्यापासून कंपनीचा लोगो येऊन जाईपर्यंतचा. इथे विंडोजचा काही संबंध नसतो. मदरबोर्डवरचं बायॉस (नव्या मशीनमध्ये यूईएफआय) मेमरी, कीबोर्ड, डिस्क वगैरे तपासत असतं.

दुसरा टप्पा गोल फिरणाऱ्या ठिपक्यांचा, पासवर्ड विचारणारी स्क्रीन येईपर्यंत. यात विंडोजचा गाभा, ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्राम) आणि सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम) लोड होतात.

तिसरा टप्पा पासवर्ड टाकल्यानंतरचा. डेस्कटॉप दिसतो, पण ब्राउझरवर क्लिक केलं की काहीच होत नाही, कर्सर फिरत राहतो, मग एकदम तीन खिडक्या उघडतात. लोक ज्याला 'पीसी स्लो आहे' म्हणतात तो बऱ्याचदा हाच टप्पा असतो.

मोबाईलवर स्टॉपवॉच लावा आणि तिन्ही वेळा कागदावर लिहा. पासवर्डच्या स्क्रीनवर घड्याळ थांबवा, कारण तुमच्या टायपिंगचा वेळ मशीनच्या नावावर नको. तिसरा टप्पा संपला कधी म्हणायचं? ब्राउझर उघडून एखादं पान पूर्ण दिसलं की. हे एकदा 'शट डाउन' करून आणि एकदा 'रीस्टार्ट' करून मोजा. दोन्हींत फरक का पडतो ते पुढे येईल. विंडोजचं मोठं अपडेट नुकतंच झालं असेल तर त्या वेळची मोजणी सोडून द्या, कारण अपडेटची उरलेली कामं पुढच्या सुरुवातीला उरकली जातात.

पायरी २ : स्टार्टअपची गर्दी कमी करा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज १० मध्ये छोटीशीच खिडकी आली तर खाली 'मोअर डिटेल्स' वर क्लिक करा. त्यात 'स्टार्टअप' (विंडोज ११ मध्ये 'स्टार्टअप अ‍ॅप्स') हा भाग उघडा. तुम्ही लॉग-इन केल्यावर आपणहून सुरू होणाऱ्या प्रोग्रामची यादी इथे दिसते.

'स्टार्टअप इम्पॅक्ट' या रकान्यात हाय, मीडियम, लो असं लिहिलेलं असतं. हे शेरे अंदाजे मारलेले नसतात. सुरू होताना एखाद्या प्रोग्रामने प्रोसेसरचा १ सेकंदापेक्षा जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचलं-लिहिलं, की विंडोज त्याला 'हाय' म्हणतं. ३ एमबी ऐकायला किरकोळ वाटतं, पण असे दहा-बारा प्रोग्राम एकाच क्षणी डिस्कवर तुटून पडले की काय होतं ते तुम्ही रोज बघताच आहात.

नको असलेल्या नावावर राइट क्लिक करून 'डिसेबल' निवडा. प्रोग्राम अनइन्स्टॉल होत नाही. तो आपोआप सुरू होणं थांबतं, तुम्ही उघडाल तेव्हा पूर्वीसारखाच चालतो. पुन्हा हवा असेल तर तिथेच 'एनेबल'.

बिनधास्त बंद करण्यासारखे म्हणजे गाण्यांची अ‍ॅप्स, गेमचे लाँचर, चॅट आणि व्हिडिओ कॉलची अ‍ॅप्स, पीडीएफ रीडरचे अपडेटर, प्रिंटरची शाई किती उरली ते सांगणारे मदतनीस. राहू द्यायचे ते विंडोज सिक्युरिटीचं चिन्ह, टचपॅड, साउंड आणि ग्राफिक्सचे प्रोग्राम. मराठी टाइप करायला वेगळं सॉफ्टवेअर वापरत असाल तर तेही राहू द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी मेलमध्ये 'नमस्कार' उमटायच्या ऐवजी रोमन अक्षरं उमटतील आणि कारण पटकन सुचणार नाही.

वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हचं काय करायचं, हा खरा विचार करण्याचा मुद्दा. बंद केलंत तर तुम्ही हाताने उघडेपर्यंत फायली सिंक होणार नाहीत. कामाच्या फायली तिथेच असतील तर माझं मत, चार-पाच सेकंद जाऊ द्या, पण ते चालू ठेवा.

अनोळखी नाव दिसलं तर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' बघा. प्रोग्राम फाइल्समधल्या एखाद्या ओळखीच्या कंपनीच्या फोल्डरमध्ये असेल तर काळजीचं कारण सहसा नसतं. टेम्प (तात्पुरत्या फायलींच्या) फोल्डरमधून काही सुरू होत असेल तर मात्र आधी व्हायरस स्कॅन करा. नुसतं 'प्रोग्राम' असं नाव आणि कोरं चिन्ह दिसलं तर ते बहुधा काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचं मागे राहिलेलं शेपूट असतं. ते बंद करायला हरकत नाही.

या यादीत न दिसणाऱ्या दोन-तीन जागा नवख्या माणसाच्या नजरेतून हमखास सुटतात. एक, सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स इथे खाली 'रीस्टार्ट अ‍ॅप्स' किंवा 'ऑटोमॅटिकली सेव्ह माय रीस्टार्टेबल अ‍ॅप्स' अशा नावाचा पर्याय असतो. तो चालू असेल तर बंद करताना उघडी असलेली काही अ‍ॅप्स लॉग-इन होताच पुन्हा उघडतात. दोन, क्रोमच्या सेटिंग्जमधल्या 'सिस्टम' भागात ब्राउझर बंद केल्यावरही बॅकग्राउंड अ‍ॅप्स चालू ठेवायची परवानगी असते, आणि एजमध्ये 'स्टार्टअप बूस्ट' असतं. ते ब्राउझर लवकर उघडावा म्हणून त्याचा काही भाग लॉग-इनच्या वेळीच सुरू करून ठेवतं. मेमरी कमी असेल तर दोन्ही बंद करा.

तिसरी जागा अँटिव्हायरसची. मशीनसोबत आलेला, ट्रायल संपलेला अँटिव्हायरस अनेकांकडे तसाच पडून असतो, त्यावर कुणीतरी दुसरा टाकलेला असतो. दोन अँटिव्हायरस एकाच फाइलची झडती घेत बसतात. एकच ठेवा. बाहेरचा एकही ठेवला नाही तर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप कामाला लागतो आणि घरगुती वापराला तो पुरेसा आहे.

आता रीस्टार्ट करून पुन्हा मोजा.

पायरी ३ : डिस्क बघा, कारण निम्म्याहून जास्त दोष तिचाच असतो

टास्क मॅनेजरमध्येच 'परफॉर्मन्स' भागात जा आणि डावीकडे 'डिस्क ०' बघा. नावाखाली 'एचडीडी' लिहिलं असेल तर तुमच्या मशीनमध्ये जुन्या प्रकारची, फिरणारी हार्ड डिस्क आहे. 'एसएसडी' असेल तर फिरणारा भागच नाही.

एचडीडी असेल तर मशीन सुरू झाल्या झाल्या हीच खिडकी उघडून एक गोष्ट टिपा. 'अ‍ॅक्टिव्ह टाइम' १००% ला टेकलेला असतो, पण खाली 'रीड स्पीड' मात्र जेमतेम १-२ एमबी प्रति सेकंद. डिस्क जीव तोडून काम करतेय आणि हाती काहीच लागत नाहीये. असं का होतं? डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. ७२०० च्या डिस्कला एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंदांच्या वर. त्याआधी ग्रामोफोनच्या सुईसारखं ते हेड योग्य जागी सरकवायचं, त्याचे आणखी काही मिलिसेकंद. सगळं धरून सेकंदाला शंभरेक विखुरलेल्या जागा वाचून होतात. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या जागा वाचाव्या लागतात. एसएसडी हेच काम सेकंदाला हजारोंच्या हिशोबात करते, कारण तिथे काही सरकवायचंच नसतं.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. मशीनमध्ये एचडीडी असेल आणि एकच खर्च करायचा असेल, तर एसएसडी बसवा. बाकीचे सगळे उपाय मिळून जेवढं वाचवतात त्याहून जास्त वेळ हा एक बदल वाचवतो. प्रोसेसर सात-आठ वर्षांचा असला तरी.

एसएसडी घेताना:

जुन्या लॅपटॉपमध्ये २.५ इंची हार्ड डिस्क असेल तर त्याच जागी २.५ इंची साटा एसएसडी बसते. एम.२ स्लॉट (छोट्या पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच) असेल तर मशीनचं मॅन्युअल नक्की वाचा. एम.२ मध्ये साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असतात, दिसायला जवळजवळ सारखे, पण प्रत्येक स्लॉट दोन्ही घेईलच असं नाही. एनव्हीएमई कागदावर कितीतरी पट वेगवान आहे. साटा साधारण ५५० एमबी प्रति सेकंदावर थांबते, एनव्हीएमई हजारांत जाते. पण स्टार्टअपपुरतं बोलायचं तर त्या दोघांतला फरक थोडा. मोठी उडी फिरत्या डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर जाताना मिळते.

विंडोज आणि फायली जशाच्या तशा हलवायच्या असतील तर क्लोनिंग करावं लागतं. नवी एसएसडी यूएसबी अडॅप्टरने जोडा आणि क्लोनिंगचं सॉफ्टवेअर चालवा. बऱ्याच एसएसडी कंपन्या स्वतःचं देतात, क्लोनझिला हे मोफत आहे. इथे एकाच जागी डोळ्यांत तेल घालून बघायचं: 'सोर्स' म्हणजे जुनी आणि 'डेस्टिनेशन' म्हणजे नवी. उलटं निवडलंत तर रिकामी एसएसडी तुमच्या भरलेल्या डिस्कवर क्लोन होईल. म्हणून महत्त्वाच्या फायलींची वेगळी कॉपी आधी काढाच. काम झाल्यावर जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नका, काही आठवडे बाजूला राहू द्या. दोन्ही डिस्क आतच ठेवणार असाल तर मशीन अजून जुन्याच डिस्कवरून सुरू होत नाही ना, ते बायॉसच्या बूट ऑर्डरमध्ये (मशीन कुठल्या डिस्कवरून आधी सुरू करायचं त्या क्रमात) बघा. 'एसएसडी टाकली पण फरकच नाही' यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

वेग हळूहळू नव्हे, तर गेल्या काही दिवसांत एकाएकी ढासळला असेल, आतून टकटक आवाज येत असेल, तर वेगाचा विचार बाजूला ठेवा. डिस्क मरायला टेकलेली असू शकते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची प्रकृती दाखवतं. त्यात 'रीअलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या ओळींसमोरचा आकडा शून्य नसेल आणि वाढत असेल, तर त्याच दिवशी डेटा दुसरीकडे हलवा. अशा डिस्कवर डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावण्याचं काम) चालवणं म्हणजे तिला आणखी पळवणं.

डीफ्रॅगचं म्हणाल तर, विंडोज तो एचडीडीसाठी वेळापत्रकाप्रमाणे स्वतःच करतं आणि एसएसडीला मुख्यतः 'ट्रिम' (कुठल्या जागा आता रिकाम्या आहेत ते सांगणारी सूचना) पाठवतं. तुम्हाला वेगळं काही करायला नको.

मेमरी

लॉग-इन झाल्यावर काहीही न उघडता 'परफॉर्मन्स' मध्ये 'मेमरी' ८५-९०% भरलेली दिसली तर रॅम अपुरी आहे. उरलेलं ओझं विंडोज डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये टाकतं आणि तिसरा टप्पा लांबतो. ४ जीबीवर विंडोज ११ चालतं खरं, पण आजच्या ब्राउझरांसमोर ते तोकडं पडतं. ८ जीबी असावं. घेण्याआधी रॅम बदलता येते का ते पाहा, कारण बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डवरच सोल्डर केलेली असते.

पायरी ४ : दुसरा टप्पा, म्हणजे विंडोजचं स्वतःचं काम

'फास्ट स्टार्टअप' ही सोय विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे. ती चालू असताना तुम्ही 'शट डाउन' म्हणता, तेव्हा विंडोज तुमचे प्रोग्राम बंद करतं, पण गाभा आणि ड्रायव्हर यांची अवस्था डिस्कवर एका फाइलमध्ये लिहून ठेवतं. पुढच्या वेळी सगळं नव्याने मांडण्याऐवजी ती फाइल उचलली जाते. 'रीस्टार्ट' मध्ये मात्र सगळं पहिल्यापासून होतं. तुमच्या दोन मोजण्यांत फरक आला तो यामुळे.

चालू आहे का ते बघायला कंट्रोल पॅनलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स', मग 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. तिथली 'फास्ट स्टार्टअप' ची चौकट फिकट दिसत असेल तर वरच्या 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' वर क्लिक करा. एचडीडीवर याचा चांगला फायदा होतो, एसएसडीवर थोडाच.

याचा एक परिणाम मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. टास्क मॅनेजरमध्ये 'सीपीयू' खाली 'अप टाइम' बघा. रोज रात्री शट डाउन करणाऱ्याच्याही मशीनवर तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसतो, कारण गाभा खऱ्या अर्थाने बंद झालेलाच नसतो. म्हणून प्रिंटर, वायफाय किंवा आवाज विचित्र वागू लागला की शट डाउनने उपयोग होत नाही, रीस्टार्ट करावं लागतं. त्याच मशीनवर लिनक्सही असेल तर फास्ट स्टार्टअप बंदच ठेवा. विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा विंडोजला दिलेला भाग) अर्धवट झोपलेल्या अवस्थेत असताना लिनक्सने त्यावर लिहिलं तर डेटा बिघडू शकतो.

नक्की कोण वेळ खातंय याचा लेखी पुरावा विंडोज स्वतः ठेवतं. स्टार्ट मेनूत 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधून तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. मग अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल. इथे १०० क्रमांकाची नोंद म्हणजे एकूण बूटचा (मशीन सुरू होण्याचा) वेळ, मिलिसेकंदांत. ९४००० दिसलं तर ९४ सेकंद. 'डिटेल्स' मध्ये डेस्कटॉप येईपर्यंतचा आणि नंतर मशीन शांत होईपर्यंतचा वेळ वेगवेगळा मिळतो. १०१ क्रमांक म्हणजे रेंगाळलेलं अ‍ॅप, १०२ ड्रायव्हर, १०३ सर्व्हिस, आणि प्रत्येकात नाव दिलेलं असतं. 'क्रिटिकल' असा लाल शेरा बघून घाबरू नका, तो फक्त उशिराबद्दल असतो. एकच नाव वारंवार येत असेल तर त्याचं अपडेट टाका किंवा ते काढा.

सर्व्हिसेस बंद करायच्याच असतील तर 'सिस्टम कॉन्फिगरेशन' उघडून सर्व्हिसेसमध्ये आधी 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस' वर टिक करा, मग उरलेल्यांतल्या ओळखीच्याच काढा. त्याच खिडकीत बूट, अ‍ॅडव्हान्स्ड इथे 'नंबर ऑफ प्रोसेसर्स' असतं. तिथे मोठा आकडा निवडला की बूट वेगात होतो, ही वर्षानुवर्षं फिरणारी अफवा आहे. चौकट रिकामी असताना विंडोज सगळे कोअर वापरतंच. तिथे आकडा टाकून फक्त मर्यादा घालता येते.

पायरी ५ : पहिला टप्पा

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागात वर उजवीकडे 'लास्ट बायॉस टाइम' लिहिलेला असतो. तो १०-१५ सेकंदांच्या आत असेल तर इथे काही करू नका, पुढे वाचा.

जास्त असेल तर आधी यूएसबीला लटकलेलं सगळं काढून बघा. पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, कार्ड रीडर. बायॉस प्रत्येकाला विचारत बसतं. त्याने फरक पडला नाही तर बायॉसमध्ये जा. मशीन सुरू होताना एफ२, डिलीट, एफ१० किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे वेगळं. तिथे विंडोजची डिस्क बूट ऑर्डरमध्ये सर्वांत वर आणा, नेटवर्कवरून बूट करण्याचा पर्याय बंद करा आणि 'फास्ट बूट' असेल तर चालू करा. मात्र त्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की तुमच्याकडे आहे याची खात्री करून घ्या. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं आणि बायॉसमध्ये बदल केल्यावर विंडोज ती ४८ आकडी की मागू शकतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉग-इन करत असाल तर ती सहसा त्या अकाउंटमध्ये सापडते.

दरवेळी तारीख-वेळ चुकीची येत असेल आणि बायॉस काहीतरी दाबायला सांगत थांबत असेल, तर मदरबोर्डवरची बटण-सेल संपली आहे. डेस्कटॉपमध्ये ती बहुधा सीआर२०३२ असते.

हे करू नका

रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्रामच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारे क्लीनर वापरू नका. काही हजार जुन्या नोंदी उडवून स्टार्टअपला जाणवेल असा फरक पडत नाही, आणि चुकीची एक नोंद उडाली तर विंडोज उठेनासंही होऊ शकतं. 'प्रीफेच' फोल्डर रिकामा करू नका. पुढच्या वेळी काय लागणार याची टिपणं विंडोज त्यात ठेवतं, ती पुसलीत की पुढचा बूट उलट मंद. पेज फाइल बंद करू नका.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर सिस्टम सेटिंग्ज, जनरल, 'लॉग-इन आयटम्स' इथे तीच साफसफाई करता येते. लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ' ही आज्ञा फर्मवेअर (बायॉस), कर्नल (गाभा) आणि बाकीचा वेळ तोडून दाखवते, तिच्यापुढे 'ब्लेम' जोडलं की सर्वांत रेंगाळणाऱ्या सर्व्हिसेसची नावं वरून खाली मिळतात. बूट बरोबर दीड मिनिट अडून राहत असेल तर एफएसटॅब (सुरू होताना कुठली पार्टिशनं जोडायची त्याची यादी) ही फाइल तपासा. आता अस्तित्वातच नसलेल्या एखाद्या पार्टिशनची ती वाट बघत असण्याची शक्यता मोठी.

इतकं करूनही हलत नसेल तर

दोन वाटा उरतात. दिवसातून तीन-चार वेळा मशीन वापरत असाल तर प्रत्येक वेळी शट डाउन करायचं सोडा आणि 'स्लीप' वापरा. काही सेकंदांत जागं होतं. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट पुरे.

दुसरी वाट 'रीसेट धिस पीसी' ची. सेटिंग्जमध्ये 'रिकव्हरी' खाली हा पर्याय आहे. 'कीप माय फाइल्स' निवडलंत तर तुमच्या फायली राहतात, पण बाहेरून टाकलेले सगळे प्रोग्राम जातात. त्यामुळे आधी प्रोग्रामची यादी करा, लायसन्स की लिहून घ्या, ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड अकाउंटशी सिंक आहेत का ते बघा, आणि नाव काहीही असलं तरी फायलींची एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या. रीसेट झाल्यावर प्रोग्राम एकेक करून टाका आणि प्रत्येकानंतर स्टार्टअपच्या यादीत डोकावा. कोण न विचारता आत शिरतं ते तिथल्या तिथे कळेल.